मराठी चित्रपटाचा स्वतंत्र निर्माता व्हायचं असेल तर

पैसे घालतो तो फायनान्सर. निर्माता कथेचे हक्क मिळवतो, पैसा उभा करतो आणि चित्रपट पूर्ण होऊन विकला जाईपर्यंत त्याची जबाबदारी घेतो. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचा वेगळा अभ्यासक्रम आहे, पण मराठीत बहुतेक जण सेटवरच शिकतात. निदान दोन चित्रपटांवर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली काम करा, तेही हिशेबाच्या बाजूला. जेवण, जनरेटरचं डिझेल, ओव्हरटाइम यांची व्हाउचरं रोज स्वतः भरली की पैसा कुठे गळतो ते नेमकं कळतं.

पहिला करार लेखकाशी. इथली चूक फार महागात पडते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क 5 वर्षांपुरतेच मिळाले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणजे अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी मंडळींसाठी शो लावायचा म्हटला तरी अडचण. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही आणि करारात वेगळं कलम नसेल, तर ते लेखकाकडे परत जातात. कादंबरी घेताना प्रकाशकाच्या होकारावर थांबू नका, चित्रपटाचे हक्क बहुतेकदा लेखकाकडे असतात. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. इम्पा ही निर्मात्यांची संघटना किंवा मराठी चित्रपट महामंडळाकडे शीर्षक नोंदवावंच, मात्र त्यातून कथेवर हक्क मिळत नाही. ओटीटीवाले खरेदीआधी ही सगळी कागदांची साखळी तपासतात.

बजेट पटकथेच्या ब्रेकडाउनवरून करा: प्रत्येक दृश्याला किती माणसं, कोणतं लोकेशन, दिवस की रात्र. एका दिवसात लोकेशन बदललं की सामान हलवण्यात दोन-तीन तास सहज जातात. म्हणून वेळापत्रक कथेच्या क्रमाने नको, लोकेशनच्या क्रमाने हवं. एकूण खर्चाच्या 10 टक्के रक्कम राखीव ठेवा आणि स्वतःचं मानधनही बजेटमध्ये धरा.

अनेक चित्रपट शूटिंग संपल्यावर अडकतात, कारण एडिट, डीआय (चित्राच्या रंगांचं अंतिम काम), साउंड आणि मिक्सिंगचे पैसे सेटवरच उडालेले असतात. ही रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या बँक खात्यात ठेवा. प्रसिद्धीची रक्कम त्याहून वेगळी.

गावाकडची कथा असेल तर बैलगाडी, शेळी, कोंबडी आलीच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या. ती नसेल तर सेन्सॉरला चित्रपट अडतो आणि तेव्हा दृश्य कापण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. 2024 च्या नियमांपासून यूए (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहायचा) प्रमाणपत्र 7, 13 आणि 16 वर्षं अशा तीन टप्प्यांत मिळतं. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून सॅटेलाइट, म्हणजे टीव्ही चॅनेलला विकायच्या हक्कांची किंमत घसरते. याचा विचार पटकथेच्या वेळीच व्हावा.

राज्य सरकारचं अनुदान चित्रपट झाल्यावर, परीक्षणानंतर मिळतं. त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे उचलू नका. सहनिर्माता शोधायचा असेल तर 2007 पासून गोव्यात भरणाऱ्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म बाजारसाठी, म्हणजे आताच्या वेव्हज फिल्म बाजारसाठी अर्ज करा. तिथे प्रकल्प मांडण्यासाठी कोप्रॉडक्शन मार्केट आहे आणि रफ कट (कच्चं संकलन) तयार असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब.

वितरणाचं गणित आधीच मांडून बघा. 200 रुपयांच्या तिकिटातून 18 टक्के जीएसटी गेला की साधारण 169 उरतात. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सने निम्मे ठेवले तर तुमच्या बाजूला 85 च्या आसपास येतात आणि पुढच्या आठवड्यांत हा वाटा आणखी घटतो. त्यातूनच वितरक आधी आपलं कमिशन आणि घातलेला प्रसिद्धीखर्च वळता करतो. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या: प्रसिद्धीखर्चाची कमाल मर्यादा, रोजच्या कलेक्शनचा अहवाल आणि वितरकाचे हिशेब तपासण्याचा तुमचा हक्क.