कानाचं भोक मोठं कसं करावं: ०.८ ते ८ मिलिमीटर, पाळी न फाडता

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास सोनाराकडून लहानपणी टोचून घेतलेल्या कानाचं भोक साधारण ०.८ ते १ मि.मी. असतं. प्लग (भोकात बसणारा भरीव, गोल दागिना) किंवा टनेल (तसाच, पण आतून पोकळ) घालायचा तर ते ८ मि.मी.पर्यंत न्यावं लागतं. याला दोन वर्षं धरा. दोन महिन्यांत उरकायचा प्रयत्न केला तर पाळी ताणली जात नाही, आतून बारीक-बारीक फाटते. फाटलेल्या जागी भरून येणारी कातडी कडक असते, ती पुढे नीट ताणली जात नाही. म्हणजे घाई करणारा शेवटी लहान मापावरच अडकतो.

वजन लटकवून भोक मोठं करू नका. जड कुड्या, झुबे वर्षानुवर्षं घातलेल्या आज्जींच्या पाळ्या बघा: भोक गोल राहिलेलं नसतं, खाली ओघळून त्याची चीर झालेली असते आणि चिरेखाली दोऱ्याएवढी कातडी उरते.

आधी कान तपासा

टोचून निदान एक वर्ष झालेलं हवं. भोकात गाठ, खपली, ओलसरपणा असेल तर थांबा. भोकाच्या खालच्या कडेपासून पाळीच्या टोकापर्यंत ५ मि.मी. मांस नसेल तर ८ मि.मी.चा नाद सोडा, ३-४ वर समाधान माना. हाताला बीसीजीची लस दिलेल्या जागी जाड, उंचवट्याचा व्रण उठला असेल किंवा घरात कुणाला केलॉइड (जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा असा व्रण) होत असेल, तर या वाटेला जाऊच नका. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं फक्त मऊ पाळीपुरतं आहे. भिकबाळी किंवा बुगडीचं भोक कानाच्या वरच्या कडक भागात, म्हणजे कूर्चेत असतं. ते ताणू नये, कारण कूर्चेला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तिथे संसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

सैन्य किंवा पोलिस भरतीची तयारी करत असाल तर वैद्यकीय निकष आधी वाचा, मग कानाला हात लावा. तालमीत जाणाऱ्यांनी तर विचारच करू नये, कुस्तीत कान कसे रगडले जातात ते सांगायला नको.

काय लागतं

मापं मिलिमीटरमध्येच धरा. पाकिटावरच्या ‘गेज’वर, म्हणजे जाडीच्या क्रमांकावर, विसंबू नका. दोन गेजचा प्लग कुठे ६ तर कुठे ६.५ मि.मी. भरतो, आणि ‘डबल झिरो’ ९ पासून १० पर्यंत काहीही निघतो. व्हर्नियर कॅलिपरनं मोजून घ्या. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात ओळखीचा कुणी असेल तर मापाची चिंताच मिटली.

नव्यानं ताणलेल्या भोकात काच, टायटॅनियम (शरीरात बसवण्याच्या एफ-१३६ दर्जाचं) किंवा चांगलं ३१६-एल स्टील घालावं. प्लगला एकाच बाजूला कड, म्हणजे रुंदावलेला काठ हवा. दोन्ही बाजूंना कड असलेला प्लग आत जाताना भोकाला मापापेक्षा जास्त ताणतो. ॲक्रिलिक, सिलिकॉन, लाकूड आणि शिंग भोक पूर्ण बरं झाल्यावरच. वन ग्रॅम सोन्याचा मुलामा उडतो आणि आतल्या निकेलनं खाज सुटते, तेव्हा ते नकोच.

टोकाकडे निमुळती होणारी सळई, म्हणजे टेपर, फक्त वाट करून देण्यापुरती असते. ती दागिन्यासारखी घालून हिंडायची नसते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचात याच सळया आणि ॲक्रिलिकचे प्लग असतात. त्यात ६ वरून थेट ८ वर उडी असते, मधला ७ नसतोच. तो वेगळा घ्या.

माप कसं चढवावं

क्रम असा: १, १.२, १.६, २, २.५, ३, मग ४, ५, ६, ७, ८. तीनपर्यंत प्रत्येक मापावर किमान सहा आठवडे, चारपासून पुढे किमान तीन महिने. पण कॅलेंडर हा फक्त खालचा आकडा. आताचा प्लग सैल वाटतो का, बोटानं फिरवला की अडखळत तर नाही ना, हे बघून ठरवा. आठच्या पुढे जायचं तर अर्ध्या मिलिमीटरनं.

अंघोळ झाल्याबरोबरची वेळ उत्तम, कढत पाण्यानं कातडी मऊ झालेली असते. हात साबणानं धुवा, प्लग आणि टेपरही धुवा. जुना प्लग काढून पाळी दोन बोटांत धरा आणि खोबरेल लावून तीन-चार मिनिटं चोळा. मग तेल लावलेला टेपर समोरून सावकाश फिरवत घाला. त्याच्या जाड टोकाला नवा प्लग टेकवून मागे ढकला, म्हणजे मध्ये भोक रिकामं राहत नाही. कड नसलेल्या बाजूला रबराची रिंग बसवा, गच्च नको.

थोडी ऊब आणि हलकी चुणचुण चालते. आग होत असेल, प्लग अडत असेल किंवा रक्ताचा थेंब दिसला, तर तिथेच थांबा. जुनं माप परत घाला आणि दोन-तीन महिने विसरून जा.

चार मि.मी.नंतर टेपरपेक्षा टेपची पद्धत आम्हाला जास्त पसंत आहे. घातलेल्या प्लगभोवती न चिकटणारी पीटीएफई (टेफ्लॉन) टेप गुंडाळायची आणि हळूहळू एकेक वेढा वाढवायचा, पण पुढचं माप तीन महिन्यांच्या आत गाठायचं नाही. एका वेढ्यानं व्यास साधारण ०.१ ते ०.१५ मि.मी. वाढतो. प्रत्येक वेळी जुनी टेप टाकून सगळी नव्यानं गुंडाळा.

नंतरची निगा

पहिला आठवडा दिवसातून दोनदा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नॉर्मल सलाइननं धुवा. प्लग काढू नका. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नवी कातडी जाळतात. हळदही नको: सांगलीची कितीही चांगली असली तरी तिची पूड भोकात अडकून राहते. दुखणं पूर्ण थांबल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, प्लग काढून रोज तेलानं मालिश सुरू करा. वास येतो तो मेलेली कातडी आणि तेल साचल्याचा. रोज साबणानं धुतलं की जातो.

बिघडलं तर

पाळीच्या मागे मांसाची गुलाबी कड बाहेर आली तर त्याला ब्लोआउट म्हणतात, भोकाची आतली कातडी मागे ढकलली गेलेली असते. लगेच एक-दोन मापं खाली या, सलाइन चालू ठेवा. बरं झाल्यावर पुढच्या वेळी प्लग मागच्या बाजूनं घाला. पाळी पातळ, पारदर्शक दिसू लागली तर तिथेच कायमचं थांबा. पू, ताप किंवा कानभर पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांगलीकरांना दवाखान्यांचं मिरज जवळच आहे.

भोक परत लहान होईल का, हे प्रत्येकाच्या कातडीवर असतं. ८ मि.मी.च्या आत बऱ्याच जणांचं आकसतं, पण हमी नाही. उद्या लग्नात मोत्याच्या कुड्या घालायची हौस असेल तर फिरकीची दांडी त्या भोकात डुगडुगेल, हेही धरून चाला. पाळी पूर्ण चिरली तर भूल देऊन टाके घालून ती सांधता येते. ती नीट भरल्यावर काही महिन्यांनी, टाक्यांची रेघ टाळून, शेजारी पुन्हा टोचतात.