ज्वारी, शेंगदाणे, चवळी: मराठवाड्याच्या चुलीवर आफ्रिकेच्या चवी

आफ्रिकेत ५४ देश आहेत. त्या सगळ्यांचं जेवण एका नावाखाली बसत नाही. इथिओपियात आंबवलेल्या पिठाचं धिरडं आणि घट्ट डाळी, सेनेगल-मालीत शेंगदाण्याचा रस्सा, केनियात मक्याच्या पिठाचा उगाली, इजिप्तमध्ये मसूर-तांदूळ-मॅकरोनीचं कोशरी. त्यामुळे ‘आफ्रिकन जेवण आवडतं का’ हा प्रश्न सोडून द्या आणि एका वेळी एका प्रदेशाचा एकच पदार्थ करा. मराठवाड्यात हे सोपं जातं. ज्वारी, बाजरी, चवळी ही मुळात आफ्रिकेतलीच पिकं आहेत आणि शेंगदाणे तर आपल्या घरात बारा महिने असतात. निम्म्याहून जास्त सामान मोंढ्यात आणि नेहमीच्या किराणा दुकानात मिळतं.

एक नियम मात्र कडक पाळा. पहिल्या खेपेला मोहरी-जिऱ्याची फोडणी नाही, कढीपत्ता नाही, काळा मसाला नाही. फोडणी पडली की इथिओपियाची डाळ आपली मसुराची आमटी होऊन बसते. मग आवडली ती आपलीच चव, तिकडची कळलीच नाही.

सुरुवात इथिओपियापासून करा. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, १६१० साली वसवणारा मलिक अंबर मूळचा तिकडचाच. शिवाय तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी आणि लांबलचक उपवासांत मांस, दूध, अंडी खात नाहीत. म्हणून शाकाहारी घराला या स्वयंपाकात भरपूर पर्याय सापडतात.

आधी बेरबेरे मसाला करा. १५ ब्याडगी मिरच्या, ३-४ तिखट मिरच्या, १ चमचा धने, अर्धा-अर्धा चमचा मेथ्या, ओवा आणि मिरी, ४ वेलदोडे, ३ लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा. सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजा. मेथ्यांचा रंग फक्त बदामी होऊ द्या, काळपट झाल्या तर सगळा मसाला कडू होतो. गार झाल्यावर बारीक दळा आणि त्यात अर्धा चमचा सुंठ व चिमूटभर जायफळ मिसळा. आपल्या काळ्या मसाल्यातलं खोबरं, तीळ, दगडफूल यात नसतं. मिरची, मेथी, ओवा, वेलदोडा हीच याची ओळख.

आता मिसिर वोत, म्हणजे मसूर डाळ. चौघांसाठी ४०० ग्रॅम कांदा अगदी बारीक चिरा आणि जाड बुडाच्या पातेल्यात तेलाशिवाय, नुसताच मंद आचेवर ठेवा. लागायला लागला की पाण्याचा हबका मारा. १५ ते २० मिनिटांत कांदा स्वतःच्या पाण्यात शिजून लगदा होतो, आणि पुढे हाच लगदा रश्श्याला दाटपणा देतो. घाईने आधीच तेल घातलं तर कांदा तळला जातो, त्याच्या कडा करपतात आणि डाळ पाणचट राहते. लगदा झाल्यावर ४ मोठे चमचे तेल किंवा तूप घाला. मग १ मोठा चमचा आलं-लसूण आणि दीड ते दोन मोठे चमचे बेरबेरे. पाच मिनिटं परता, आच मंदच ठेवा, मिरची पटकन जळते. धुतलेली १ वाटी मसूर डाळ आणि साडेतीन वाट्या गरम पाणी घालून २५ मिनिटं उघडं शिजवा. कुकर नको, त्यात डाळीचं पिठलं होतं. मीठ शेवटी.

यासोबत इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं धिरडं, लागतो. खरा इंजेरा टेफ या बारीक धान्याचा. ते इथे सहज मिळत नाही, पण इथिओपियातही बऱ्याच भागांत ज्वारीचा इंजेरा होतो आणि सुदानची किसरा तर ज्वारीचीच. ताजं, बारीक दळलेलं २५० ग्रॅम ज्वारीचं पीठ ४०० मिली पाण्यात कालवा, दोन चमचे आंबलेलं डोशाचं पीठ घाला आणि झाकून ठेवा. मे महिन्यात १२ ते १५ तास पुरतात, थंडीत दोन दिवस लागतात. वर साचलेलं पिवळसर पाणी अलगद ओतून टाका.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. या पिठातलं पाव वाटी पीठ घ्या, एक वाटी पाण्यात ढवळत शिजवून पातळ पेज करा, कोमट झाल्यावर परत उरलेल्या पिठात मिसळा आणि तासभर थांबा. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी करायला आपण उकळतं पाणी घालतो, त्याचंच हे काम: शिजलेल्या पिठामुळे धिरडं तुटत नाही आणि बुडबुडे धरून राहतं. तवा मध्यम तापवा, तेल पुसटसं लावा. पीठ बाहेरून आत गोल फिरवत ओता, पळीने पसरवू नका. वर जाळी पडली की मिनिटभर झाकण ठेवा. उलटायचं नाही. कापडावर काढून गार होऊ द्या, गरम असताना एकावर एक रचले की चिकटतात. ज्वारीचा इंजेरा दुसऱ्या दिवशी कडक होतो, त्यामुळे त्याच दिवशी संपवा.

पश्चिम आफ्रिकेची चव कळायला माफे, म्हणजे शेंगदाण्याचा रस्सा, करा. १ वाटी शेंगदाणे खमंग भाजून सालं काढा आणि तेल सुटून लोण्यासारखा गोळा होईपर्यंत वाटा. आपला भरड कूट इथे चालत नाही, तो रश्श्यात वेगळा, रवाळ राहतो. ३ चमचे तेलात एक कांदा आणि तीन टोमॅटो कच्चा वास जाऊन तेल कडेने सुटेपर्यंत परता. चार वाट्या पाणी, रताळं, गाजर, कोबीचे मोठे तुकडे आणि न चिरलेली एक तिखट मिरची घाला. भाज्या अर्ध्या शिजल्या की शेंगदाण्याचा गोळा कोमट पाण्यात सैल करून ओता. मंद आचेवर अर्धा तास, वर लालसर तवंग येईपर्यंत. मधूनमधून तळापासून ढवळा, कारण शेंगदाणा खाली बसून करपतो. गूळ घालू नका, रताळ्याचा गोडवा पुरतो. मांसाहारी घरात कोंबडी किंवा मटण सुरुवातीलाच कांद्यासोबत परता. भातासोबत वाढा.

चवळीचा अकारा, म्हणजे तळलेले वडे, नायजेरियात न्याहारीला खातात. पांढरी चवळी तासभर भिजवून चोळून सालं काढा, मग आणखी दोन तास भिजवा. अगदी थोड्या पाण्यात वाटून पाच-सात मिनिटं हाताने फेटा. थेंब पाण्यावर तरंगला की पीठ हलकं झालं. कांदा-मिरची शेवटी आणि मीठ तळायच्या क्षणी, आधी घातलं तर पीठ बसतं. सोबत ज्वारीच्या आंबिलीसारखी ओगी चालते.

जोलोफ, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा भात, करायला सेला तांदूळच घ्या. कोलमचा गिचका होतो.

निवडीसाठी प्रत्येक पदार्थ दोनदा करा. पहिल्यांदा नवेपणाच जास्त जाणवतो, खरी आवड दुसऱ्या खेपेला कळते. दोन-तीन पदार्थ एकत्र चाखायचे असतील तर माफे आधी आणि बेरबेरे सगळ्यांत शेवटी, मध्ये साधा भात. घरातल्या प्रत्येकाला आंबटपणा, दाटपणा आणि तिखट यावर वेगळं मत विचारा. नुसतं ‘छान’ या उत्तराचा उपयोग नाही. इंजेऱ्याचा आंबटपणा आवडला तर पुढे सुदानच्या किसरेकडे जा. माफे आवडलं तर घानाचं शेंगदाण्याचं सूप, मग झिंबाब्वेचं दोवी, तोही शेंगदाण्याचाच रस्सा. मुलांना बहुतेक कोशरी आवडतं: अख्खा मसूर, भात, मॅकरोनी, वर टोमॅटोचा सॉस, कुरकुरीत कांदा आणि लसूण-व्हिनेगर. आवड ठरली की मग खुशाल काळा मसाला घालून बघा.

लाल पामतेलाचे पदार्थ, जसं एगुसी (टरबुजासारख्या फळाच्या बियांचा पश्चिम आफ्रिकी रस्सा), शेवटी ठेवा. पिशवीतलं शुद्ध केलेलं पामतेल त्याऐवजी चालत नाही, त्यात ना तो रंग असतो ना तो वास. लाल तेल मिळालं तर एगुसीच्या बियांऐवजी सुक्यामेव्याच्या दुकानातला मगज वापरा, वाटून आणि मंद आचेवर.