स्कोप्युला पतंगांचे वर्गीकरण शिकताना

कास-बामणोली परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांच्या नोंदी घेऊ लागले, की जिओमेट्रिडी कुळातील स्कोप्युला या जीनसशी (जवळच्या जातींच्या गटाशी) गाठ पडतेच. फिकट दुधी पंख, त्यांवर नागमोडी रेघा आणि बहुधा पंखाच्या मध्याजवळ एक बारीक काळा ठिपका, एवढ्यावरून जीनसचा अंदाज बांधता येतो. अर्थात इडिया या जवळच्या जीनसमधील काही पतंगही असेच दिसतात. जगभरात स्कोप्युलाच्या सुमारे ८०० जाती ज्ञात असल्यामुळे केवळ छायाचित्रावरून जातीचे नाव देण्याची घाई करू नये. 'स्कोप्युला, जाती अनिश्चित' ही नोंद मी पूर्णपणे शास्त्रीय मानतो.

साताऱ्यात या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी जुनी नावे वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. श्रांक यांनी हा जीनस १८०२ मध्ये स्थापला, तरी पुढे त्यातील कितीतरी जातींची वर्णने 'अ‍ॅसिडालिया' या नावाखाली छापली गेली. ट्रायट्श्के यांनी १८२५ मध्ये दिलेले हे नाव ह्यूब्नर यांनी १८१९ मध्येच फुलपाखरांसाठी वापरलेले होते, म्हणून एकच नाव दोन जीनसना चालत नाही या नियमानुसार ते बाद ठरले. जुन्या ग्रंथांत मात्र ते पानोपानी भेटते. भारतात आढळणाऱ्या स्कोप्युला एमिसारिया या जातीपुढे 'वॉकर, १८६१' हे कंसात लिहितात, कारण वॉकर यांनी तिचे वर्णन वेगळ्या जीनसखाली केले होते. प्रत्येक नावासाठी मूळ जीनस, मूळ स्पेलिंग, वर्ष आणि प्ररूप नमुना (ज्यावरून जातीचे नाव ठरले तो नमुना) कोणत्या संग्रहात आहे, याची नोंद ठेवावी.

खरी ओळख पटते ती विच्छेदनातून. पोटाचा भाग वेगळा करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केला, की चरबी आणि स्नायू सैल होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचल्याने तो हलकेच साफ करताना नराच्या आठव्या खंडाच्या खालच्या बाजूची शिंगांसारखी टोके स्पष्ट दिसू लागतात. पासी सिव्होनेन यांनी २००५ मध्ये अशा शरीररचनेच्या आधारे या गटाची फेरमांडणी केली आणि पूर्वी स्वतंत्र मानलेले अनेक जीनस स्कोप्युलात विलीन केले.

कास किंवा कोयनेत नमुने गोळा करण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. नमुना आणि त्याच्या विच्छेदित भागाची स्लाइड यांना एकच क्रमांक द्यावा. नवी जाती खरोखर हाती लागलीच, तर होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव प्ररूप नमुना, घरच्या पेटीत न ठेवता आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या सार्वजनिक संग्रहात जमा करावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो स्वतः तपासता येईल.