गस्तीला निघालेल्या पोरांसाठी

पोरांनो, सीमेवर जाऊन घुसखोर धरतो म्हणता. मी बीएसएफात बंगालच्या सीमेवर होतो, आता कागलला असतो. धरायचं काम जवानाचं. तुम्ही बघायचं आणि कळवायचं. २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या मेक्सिकोलगतच्या सीमेवर घुसखोरांवर नजर ठेवायला बसलेल्या 'मिनिटमन' गटाच्या स्वयंसेवकांचा नियमही तोच होता: दिसलं की बॉर्डर पेट्रोलला, म्हणजे तिथल्या सरकारी सीमा दलाला, कळवा.

गावच्या गस्तीतही तसंच. आधी पोलीस ठाण्यात नावं द्या, जोडीनं फिरा. बॅटरी तोंडावर मारू नका. वेळ, जागा, माणसं किती, गेली कुठं, हे वहीत लिहा आणि ११२ लावा. काठी उगारायची नाही, कागदपत्रं मागायची नाहीत. उसाच्या फडाजवळ दिसलेला परका माणूस बहुतेकदा बीडकडचा तोडणी मजूर असतो. त्याला आधी पाणी विचारा. वर्दीच हवी असेल, तर कोल्हापुरात टेरिटोरियल आर्मीची (नोकरी-धंदा सांभाळून करायच्या लष्करी सेवेची) १०९ बटालियन आहे, तिच्या भरतीची तयारी करा.