ब्रॉयलरच्या खाद्यासाठी सोयाबीन कसं भाजायचं आणि नीट भाजलंय हे कसं ओळखायचं

कच्चं सोयाबीन ब्रॉयलरला अजिबात द्यायचं नाही, थोडंसं मिसळूनही नाही. त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रोटीन पचू देत नाही, ती कसर भरायला स्वादुपिंड जास्त राबतं आणि आकाराने वाढतं, पिल्लू खातं पण वजन धरत नाही, आणि न पचलेलं प्रोटीन आतड्यात पुढे सरकलं की तिथल्या क्लॉस्ट्रिडियम नावाच्या रोगकारक जिवाणूंना आयतं खायला मिळतं, वर लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) ओलं होतं ते वेगळंच. लहान पिल्लांना हा त्रास सगळ्यात जास्त.

दाणे चाळा, फुटके बाजूला काढा, ड्रम सतत फिरता ठेवून भाजा. एवढं कुणालाही जमतं.

खरी गोची तापमानाची आहे आणि मलाही इथेच सगळ्यात जास्त झगडावं लागलं. "सोनेरी रंग आला की उतरवा" असं जो सांगेल त्याचं ऐकू नका, कारण साल भाजलेली दिसते तेव्हा आतला दाणा कच्चा असू शकतो. मोजायचं ते दाण्याचं तापमान, ड्रममधल्या हवेचं नाही. बाहेर पडताना दाणा साधारण 115 ते 120 अंश सेल्सिअस हवा, आणि लगेच पसरायचा नाही, ढीग करून 20-30 मिनिटं झाकून ठेवायचा म्हणजे उष्णता आतपर्यंत सारखी पोचते. ही झाकण्याची पायरी लोक घाईत गाळतात आणि मग पिल्लांना दोष देतात!

अजून एक, गाईंसाठी सोयाबीन जास्त कडक भाजतात, प्रोटीन पोटाच्या पहिल्या कप्प्यात तुटू नये म्हणून. तो सल्ला कोंबडीला लावू नका. जास्त भाजलं की लायसिन (प्रोटीनमधला वाढीला लागणारा एक अमिनो आम्ल) साखरेशी बांधलं जातं आणि पक्ष्याला मिळत नाही, आणि वाईट म्हणजे लॅबच्या क्रूड प्रोटीनच्या (एकूण प्रोटीनच्या) आकड्यात हे दिसतच नाही, आकडा छान येतो आणि वाढ मात्र खुंटते.

म्हणून प्रत्येक बॅचची टेस्ट करा. युरिएज हे कच्च्या सोयाबीनमधलं एन्झाइम, भाजल्यावर ते मरतं; त्याच्या टेस्टमध्ये पीएच 0.05 ते 0.20 ने वाढला तर ठीक, त्याहून जास्त वाढला तर माल कच्चा. पण युरिएज शून्य आलं म्हणून खूश होऊ नका, जळलेला मालही शून्यच दाखवतो. त्यासाठी केओएच सॉल्युबिलिटी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात किती प्रोटीन विरघळतं याची टेस्ट) करून घ्या, 78 ते 85 टक्के चांगलं, 70 च्या खाली गेलं तर तो माल स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या पहिल्या खाद्यात) नकोच. कच्चट राहिलेलं परत भाजता येतं, जळालेल्याला इलाज नाही.

थंड झाल्यावर लागेल तेवढंच भरडा, भरडलेल्याचं तेल लवकर खवट होतं. आणि सोया पेंडीच्या (तेल काढून उरलेल्या चोथ्याच्या) जागी वजनाला वजन टाकू नका, अख्ख्या सोयाबीनमध्ये 18-20 टक्के तेल असतं आणि प्रोटीन पेंडीपेक्षा कमी, त्यामुळे फॉर्म्युला नव्याने मांडावा लागतो.