जुने रेस्क्यू बॉट्स घेताना काय बघाल?

रेस्क्यू बॉट्स म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सच्या लहान मुलांसाठीच्या कार्टून मालिकेतले, गाडीचे रोबो होणारे नायक आणि त्यांची खेळणी. आधी चार रंग पाठ करा. लाल बंब म्हणजे हीटवेव्ह, निळी-पांढरी पोलिसांची गाडी म्हणजे चेस, केशरी-पांढरं हेलिकॉप्टर ब्लेड्स आणि हिरवा बुलडोझर बोल्डर. 2016 मध्ये मालिका संपली. तेव्हाची मुलं आता मोठी झाली, म्हणून इथे न्यू जर्सीत गराज सेलच्या (लोक घरासमोर जुन्या वस्तू विकायला मांडतात, त्या) खोक्यांत ही मंडळी सापडतात. मी माझ्या मुलासाठी, ओजससाठी, सगळे तिथूनच जमवते.

हॅस्ब्रोने प्लेस्कूल हीरोज या नावाखाली, तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी हे ट्रान्सफॉर्मर्स काढले. मला ते मनापासून आवडतात, कारण यांच्या हातात बंदुका नाहीत. पाण्याचा पाइप, कटर, विंच अशी अवजारं आहेत, आणि काम एकच: अडकलेल्याला सोडवायचं.

घोळ होतो तो प्रकारांचा. एकाच हीटवेव्हचे कितीतरी अवतार आहेत: बंब होणारा, अग्निशमन बोट होणारा, अगदी लांब मानेचा डायनोसॉर होणारासुद्धा. पहिल्यांदा घेत असाल तर गाडीवालाच घ्या. लहान मुलाला बंब ओळखीचा असतो, डायनोसॉर नंतर आणता येतो. दुसरा घोळ रेस्क्यू बॉट्स अकॅडमीचा. ती 2019 ची पुढची मालिका, तिच्यात हॉट शॉट, व्हर्ल, हॉइस्ट, मेडिक्स आणि वेज हे नवे विद्यार्थी आहेत. हेलिकॉप्टर दिसलं की ब्लेड्स समजू नका, ते व्हर्लही असू शकतं. बुलडोझर दिसला तर तो वेज नाही ना, हे बघा. मूल नावानिशी मागत असेल तर हा फरक त्याला लगेच कळतो आणि मग घरी रडारड. खेळण्यावर कोरलेल्या सालावर विसंबू नका. ते साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) असतं, विक्रीचं असेलच असं नाही.

आता मुख्य काम, सांधे तपासायचं. खेळणं उजेडात धरा आणि बिजागरीच्या कडेचं प्लॅस्टिक नीट बघा. लाल किंवा हिरव्या प्लॅस्टिकवर पांढुरकी रेघ उमटलेली दिसली, तर तिथे ताण पडलेला आहे आणि चार दिवसांत तुकडा पडणार. ते घेऊ नका. हात नुसता निखळलेला असेल तर मात्र घाबरू नका. सांध्याची गोळी आणि ती जिच्यात बसते ती वाटी, दोन्ही तपासा. वाटीच्या काठाला चीर नसेल, तर गोळी समोरून सरळ दाबा, खट् आवाज करून बसते. तिरकी दाबली तर काठ फुटतो.

मग रोबोची गाडी करा आणि गाडीचा पुन्हा रोबो. चांगला नग एक-दोन हालचालींत बदलतो आणि दोन्ही रूपांत घट्ट राहतो. उभा केल्यावर कंबरेत वाकत असेल तर खटका झिजलाय. ओजससाठी मी तेच निवडते जे त्याला स्वतःला फिरवता येतात. दर वेळी आईला हाक मारावी लागली तर बदलण्यातली सगळी मजा जाते. शिकवताना तुमचा हात त्याच्या हातावर ठेवा, पण ओढू त्यालाच द्या.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. बुडवून ठेवू नका, स्क्रूच्या भोकांत पाणी साचतं. स्टिकर असतील तिथे ओलं फडकं पुरे. वाळवायचं सावलीत, उन्हाने पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, विशेषतः चेसचं.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर छोट्या माणसांच्या बाहुल्या आणि अवजारं वेगळ्या डब्यात, उंचावर ठेवा. पण विकत घेताना ती सोडू नका. कोडी बर्न्स (मालिकेतला माणसाचा मुलगा) आणि त्याचा पाइप बहुतेकदा रोबोपासून वेगळे होऊन भलत्याच खोक्यात पडलेले असतात. शेजारचं लेगोचं खोकंही उपसून बघा.