गिटार दुरुस्ती शिकताना: गम, फिनिश आणि कोल्हापूरची हवा

कोल्हापुरात गिटार बिघडण्याचे दोन हंगाम आहेत. जून ते सप्टेंबर हवेतली ओल लाकडात शिरते, टॉप, म्हणजे गिटारचा वरचा लाकडी पडदा, फुगतो आणि तारा फ्रेटबोर्डापासून वर जातात. मार्च-एप्रिलमध्ये नेमकं उलट होतं. लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाजूने बाहेर येऊन हाताला टोचतात, टॉपला चीर पडते. म्हणून हे काम शिकणाऱ्याने पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करावी. हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असेल तर गिटार सुखात असते. मीटर ८० दाखवत असताना सॅडल (तारा ज्या पट्टीवर टेकतात ती) घासून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली आणलीत, तर तीच गिटार उन्हाळ्यात फ्रेटवर खरखरत परत येते. पावसाळ्यात आलेलं वाद्य आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केसमध्ये ठेवा आणि मगच मोजमाप घ्या. ॲकॉस्टिकसाठी बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली साधारण २.४ मिमी, बारीक ई तारेखाली १.८ मिमी आणि नेकला ०.२ ते ०.२५ मिमीचा बाक, एवढं धरून चाला.

नवख्याचं काम बहुतेक दोन निर्णयांवर बिघडतं: गम कोणता आणि फिनिश कोणतं. दोन्हींना आमची कसोटी एकच आहे. हा जोड, हा थर पुढच्या कारागिराला उघडता येईल का? लाइट गेजच्या (कमी जाडीच्या) सहा स्टील तारा मिळून सुमारे ७० किलोच्या जोराने ब्रिज, म्हणजे टॉपवर चिकटवलेली तारा अडकवायची लाकडी पट्टी, ओढत असतात, दिवसरात्र. असा जोड कधी ना कधी सुटणारच. सुटेल तेव्हा तो गमाच्या रेषेवर सुटला पाहिजे, टॉपचं लाकूड सोबत घेऊन नाही.

गम कोणता, कुठे

सुताराकडचा पांढरा पीव्हीए गम, ज्याला सगळे सरसकट फेविकॉल म्हणतात, फर्निचरला उत्तम आहे. गिटारच्या ब्रिजला तो चालत नाही. सुकल्यावरही त्यात थोडा लवचीकपणा राहतो आणि सततच्या ताणाखाली जोड केसाकेसाने सरकतो. मरीन प्रकारचा गम ओलीला टिकतो, म्हणून पावसाच्या भीतीने अनेक जण तो वापरतात. पण तो पुन्हा उघडताना लाकूड फाटतं, त्यामुळे वाद्यावर तो नकोच.

रोजच्या कामाला पिवळा ॲलिफॅटिक गम घ्या. टाइटबाँड ओरिजिनलची लाल लेबलची बाटली ऑनलाइन सहज मिळते. लावल्यापासून पाच मिनिटांच्या आत क्लॅम्प बसला पाहिजे. तारांचा ताण २४ तासांनंतर द्यायचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ४८ तासांनंतर, कारण हा गम त्यातलं पाणी बाहेर गेल्यावरच पकडतो आणि तेव्हा हवेतच पाणी असतं. बाटलीवरची तारीख पाहा. गम तारेसारखा ओढला जायला लागला की बाटली टाकून द्या.

सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गम, हा जुना आणि आमच्या मते अजूनही सर्वांत चांगला पर्याय. काचेसारखा कडक सुकतो, ताणाखाली सरकत नाही, उष्णता आणि ओल दिली की सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पिवळ्या गमाच्या जुन्या थरावर नवा गम धरत नाही, हा दोघांतला मोठा फरक. वजनाने एक भाग दाणे आणि दोन भाग थंड पाणी घ्या, तीन-चार तास भिजू द्या, मग भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. ७० च्या वर गेला की त्याची ताकद तुटते, त्यामुळे थर्मामीटर लागतोच. पळीतून एकसंध धार पडली की घट्टपणा बरोबर. हातात मिनिटभराचाच वेळ असतो, म्हणून दोन्ही लाकडं हेअर ड्रायरने कोमट करून घ्यायची. हार्डवेअरच्या दुकानात लादीच्या रूपात मिळणाऱ्या सरसाचा दर्जा सारखा नसतो. आणल्यावर दोन फळकुटं चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी तोडा. लाकूड फाटलं तर सरस चांगला, गमाची रेघ उघडी पडली तर तो वाद्याला लावू नका.

सरसाचं काम जवळून बघायचं असेल तर मिरज तासा-दीड तासावर आहे. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले सतारमेकर भोपळ्याचा आणि लाकडाचा जोड कसा बसवतात, लाखेचं पॉलिश हाताने कसं चढवतात, हे परवानगी घेऊन शांतपणे पाहिलं तरी गिटारच्या कामाला उपयोगी पडतं.

फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गम नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, सैल फ्रेट आणि फिनिशमधल्या टवक्यांसाठी ठेवा. पातळ असेल तर तो कच्च्या स्प्रूसमध्ये (टॉपच्या लाकडात) क्षणात शिरतो आणि कायमचा काळपट डाग पडतो. आधी त्या जागी लाखेचा एक हात द्या. अराल्डाइटसारखं इपॉक्सी शेवटचा उपाय म्हणून. दोन-तीनदा फसलेल्या दुरुस्तीत लाकडाचे तंतू जुन्या गमाने माखलेले असतील, तिथे ते कामाला येतं. पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारं घ्या.

उचललेला ब्रिज

ॲकॉस्टिकमध्ये सर्वांत जास्त येणारं काम हेच, आणि हात बसायला याच्यासारखं काम नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. २-३ मिमीपेक्षा आत गेला तर ब्रिज काढून पुन्हा बसवायचा. फटीत बाजूने गम भरणं ही कामचलाऊ दुरुस्ती, ती महिन्याभरात उघडी पडते आणि पुढचं काम दुप्पट करते.

आधी साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून आत बघा. स्वस्त गिटारींमध्ये ब्रिज गमाबरोबर दोन नट-बोल्टांनीही धरलेला असतो आणि बोल्टाची डोकी वरच्या मोत्यासारख्या टिकल्यांखाली लपवलेली असतात. ते न काढता सुरी घातली तर टॉप गेला समजा.

सॅडल काढा. ब्रिजभोवतीच्या टॉपवर जाड पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ठेवा. ब्रिजच्या आकाराचा १० ते १२ मिमी जाड ॲल्युमिनियमचा ठोकळा उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही मिलिंगवाल्याकडून करून घेता येतो. तो इस्त्रीवर तापवून ब्रिजवर ठेवा, पाच मिनिटांनी पुन्हा तापवून ठेवा. गमाच्या रेषेपर्यंत ६५-७० अंश पोचले की तो मऊ पडतो. मग पातळ, बोथट कडांची पॅलेट नाइफ कोमट करून मागच्या कोपऱ्यातून आत घाला. जोर लावायचा नाही. सुरी लोण्यासारखी जात नसेल तर पुन्हा उष्णता द्या. स्प्रूसचे तंतू कधी कधी तिरके खाली उतरतात आणि सुरी त्यांच्या मागे टॉपमध्ये शिरते. पातळ चोय उचलली जाताना दिसली तर लगेच थांबा आणि उलट्या बाजूने या. निघालेली चोय फेकू नका, तिथेच परत चिकटवायची आहे.

ब्रिज निघाल्यावर खाली काय दिसतं ते नीट पाहा. अनेक कारखान्यांत ब्रिजच्या कडेखाली ३-४ मिमी फिनिश तसंच राहिलेलं असतं. गमाने धरलेलं असतं ते लाकडाला नाही, त्या फिनिशला. ब्रिज उचलण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच. ब्रिजची बाह्यरेषा पेन्सिलीने आखून आतलं फिनिश छिनीने खरवडा आणि कडेला फक्त १ मिमी सोडा. जुना पिवळा गम कोमट व्हिनेगरने मऊ करून काढा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने घासत बसलात तर सपाटी जाते. त्यापेक्षा धारदार स्क्रॅपर बरा.

गम लावण्याआधी सगळे क्लॅम्प कोरडेच एकदा लावून बघा. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या भोकांतून दोन बोल्ट घातले की ब्रिज गमावर घसरत नाही. आतून ब्रेसच्या (टॉपला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या) जागी खाचा केलेला सागवानी ठोकळा आणि वरून तीन खोल तोंडाचे क्लॅम्प. गमाचा पातळ, सारखा थर फक्त ब्रिजच्या तळाला द्या. कडेने बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की दाब योग्य. ओघळ आला तर गम जास्त झाला, काहीच आलं नाही तर जोड उपाशी राहिला. बाहेर आलेला गम दहा मिनिटांच्या आत ओल्या कापडाने पुसा. क्लॅम्प रात्रभर तसेच.

तुटलेलं हेडस्टॉक आणि टॉपची चीर

मागे झुकलेलं हेडस्टॉक (नेकचं की बसवलेलं टोक) आणि महोगनीचा एकसंध नेक असेल तर नटच्या मागे लाकडाचे तंतू आखूड पडतात. गिटार केसमध्ये पाठीवर पडली तरी तिथून तडकते. ताजी तड ही सोपी दुरुस्ती असते, फक्त गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवा: तारा सैल करा आणि तुटका भाग उघडझाप करून बघू नका. तंतू जसे तुटले तसेच एकमेकांत परत बसले पाहिजेत. सिरिंजने किंवा बारीक ब्रशने सरस किंवा पिवळा गम खोलवर पोचवा, ट्रस रॉडला (नेकमधल्या धातूच्या सळईला) लागू देऊ नका, २४ तास क्लॅम्प.

टॉपची चीर उन्हाळ्यात रुंद दिसते. तिच्यात लगेच गम भरू नका. ओला स्पंज छिद्रांच्या डबीत घालून केसमध्ये ठेवा. काही दिवसांत चीर आपोआप मिटते. मग खालून-वरून बोटाने दाबत गम आत ओढून घ्या आणि आतून १०-१२ मिमीच्या, दीड-दोन मिमी जाड स्प्रूसच्या ठिगळ्या आडव्या तंतूने लावा. मोडीत निघालेल्या गिटारींचे टॉप यासाठी जपून ठेवा.

फिनिश

आधी वाद्यावर काय आहे ते ओळखा. तारा पिळायच्या कीच्या वायसरखाली किंवा स्ट्रॅप बटणाखाली, म्हणजे न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाख. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर लावा. मऊ पडलं तर नायट्रोसेल्युलोज. काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर, आणि आजच्या बहुतेक कारखानी गिटारींवर तेच असतं.

टवका उडाला म्हणून सगळी गिटार तासून नवं फिनिश मारायचं काम घेऊ नका. जुन्या, मौल्यवान वाद्याची किंमत त्याने घटते, आणि स्वस्त प्लायच्या टॉपवरचा वरचा पापुद्रा इतका पातळ असतो की सॅन्डिंगमध्ये खालचं लाकूड दिसू लागतं. टवका भरायची रीत अशी: जागा लायटरच्या पेट्रोलने पुसा. पॉलिएस्टर असेल तर मध्यम जाडीचा सायनोॲक्रिलेट टूथपिकने थेंब-थेंब द्या आणि प्रत्येक थर रात्रभर सुकू द्या. ॲक्सिलरेटर (गम झटकन सुकवणारा फवारा) मारला की आत बुडबुडे धरतात. थर किंचित वर आला की दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप लावा आणि मधल्या उघड्या धारेने खरवडा. टेप जुन्या फिनिशवर टेकते, धार फक्त उंचवटा कापते. शेवटी १०००, १५००, २००० नंबरचा पेपर आणि रबिंग कंपाउंड.

पूर्ण फिनिश करायचंच असेल तर हाताने चढवलेली लाख नवख्याला सर्वांत माफ करणारी. मेणविरहित चपडा लाख, लिटरभर स्पिरिटला १२० ते १८० ग्रॅम, रात्रभर विरघळवून गाळून घ्यायची. कापसाची पुरचुंडी जुन्या सुती कापडात बांधून पातळ हात फिरवायचे. चूक झाली तर स्पिरिटने मागे येता येतं. दंडाचा घाम लागला की मात्र ती लवकर खराब होते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

एनसी लॅकर गिटारला शोभतं आणि नवा थर जुन्यात विरघळतो, म्हणून पुढे दुरुस्त होतं. १८०, २४०, ३२० नंबरने घासणं, महोगनी-रोजवुडला छिद्रं बुजवणारं पोअर फिलर (स्प्रूसला नाही), सॅन्डिंग सीलरचे दोन-तीन हात, मग क्लिअरचे सहा-आठ पातळ हात, दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही. हवेत ७० टक्क्यांच्या वर ओल असली की उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं, त्यावर दव धरतं आणि फिनिश दुधाळ होतं. सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरने थोडं सावरतं. पण कोल्हापुरात लॅकरचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंतच घ्या, पावसाळा गम आणि फ्रेटच्या कामाला ठेवा.

फर्निचरवाले सुचवतील ते मेलामाईन टॉपवर नको. ते ठिसूळ, जाड आणि पुन्हा न उघडणारं. दोन घटकी पीयू सुंदर दिसतं, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करतं. योग्य बूथ आणि हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम बाहेर द्या. एनसीलाही कापडी मास्क पुरत नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा आणि खोलीत ज्योत, हीटर किंवा ठिणगी उडवणारा पंखा नको. नेकला जवसाचं तेल लावलंत तर चिंध्या चुरगाळून टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा. सिलिकॉन असलेलं कार पॉलिश तर दुकानातच येऊ देऊ नका. त्याचा अंश उरला तरी लॅकरला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

एनसीचं शेवटचं घासणं तीन-चार आठवड्यांनी करा. नाक फिनिशजवळ न्या. थिनरचा वास येत असेल तर ते अजून आकसतंय, आज चमकवलंत तर पुढच्या महिन्यात तंतूंच्या रेघा वर येतील. पाण्याने घासताना भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगून फिनिशला तडा जातो. आणि गिटार परत देताना सांगा की ती रबरी पॅडच्या स्टँडवर ठेवू नका. रबरातला प्लास्टिसायझर एनसी लॅकरला वितळवतो. पॅडवर सुती कापड गुंडाळून द्या.